खरवईच्या मालकांशी थेट चर्चा

२ जून, सोमवार

आजपासून नोकरी बंद, धंदा सुरू. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीने व्हीआरएस दिली, मी घेतली. (शीला म्हणते, घ्यायला लावली. बायकोला प्रत्येक गोष्टीत कीस काढायची सवय आहे.) अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत जिकडे बघावं तिकडे टॉवर उठतायत. शेतकऱ्याकडे जमीन आहे, बिल्डरकडे पैसा आहे. मध्ये फक्त एक भला माणूस पाहिजे. तो मी.

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. नाव ठळक, त्याखाली 'लँड कन्सल्टंट', त्याखाली 'जमीनमालकांशी थेट चर्चा'. एक नंबर माझा, एक ऑफिसचा. ऑफिसचा म्हणजे शीलाचा, पण ते जगाला कशाला सांगायचं?

शीलाची अट: दिवाळीपर्यंत निदान एक व्यवहार झाला पाहिजे. नाही झाला तर उल्हासनगरला तिच्या भावाच्या, म्हणजे नरेंद्रच्या, जीन्सच्या गोडाउनमध्ये पँटींचे गठ्ठे बांधायला जायचं. हसत हसत मान्य केलं. नरेंद्रचे गठ्ठे बांधायला मी जन्माला आलेलो नाही.

संकल्प: रोज पाचला उठणे.

३ जून

साडेआठला उठलो. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

९ जून, सोमवार

क्लायंट सापडला. खरवई. गावाला लागून भाताची शेतं, रस्त्याला खेटून, पलीकडे दोन टॉवर आधीच उभे. मोक्याची जागा. मालक शिवरामकाका, वय सत्तरच्या आसपास, पडवीत खाटेवर बसून तंबाखू मळत होते.

नाक्यावर पानवाल्याला पत्ता विचारला तर म्हणाला, जावयांकडं जायचंय का, हे सरळ जा. वाटेत एक म्हातारी भेटली, तीही म्हणाली, जावई घरात हायेत. सबंध गाव त्यांना जावई म्हणतं. या वयात इतका मान! असा वजनदार माणूस पहिल्याच फटक्यात मिळाला, याला नशीब लागतं.

काकांना म्हटलं, मालक, जमिनीचं काय करायचं ठरवलंय? मालक म्हटल्यावर चेहरा खुलला. म्हणाले, बगू. घरात इचारतो.

घरात म्हणजे देवघरात कौल लावत असणार. जुनी माणसं.

त्यांच्या बायकोने, रखमाबाईंनी, चहा आणून दिला. कोरा. कार्ड काकांच्या हातात दिलं, त्यांनी ते बाईंकडे दिलं ठेवायला.

९ जून, रात्री

शीलाला सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: सातबारा काढला का? शीला वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, तिला माणसाआधी कागद दिसतो. म्हटलं, अगं, कागद कुणीही वाचतो, मी माणूस वाचतो. माणूस वाचून झाला की कागद आपोआप येतो. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

२२ जून, रविवार

आज काकांच्या डोळ्यांसाठी त्यांना उल्हासनगरला घेऊन गेलो. रिक्षा मी केली. याला रिलेशनशिप बिल्डिंग म्हणतात. जमिनीबद्दल एकदाच विषय काढला. म्हणाले, बगू. बगू म्हणजे निम्मं काम झालं. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाले असते.

पाचला उठण्याचा संकल्प पावसाळ्यानंतर.

१३ जुलै, रविवार

काकांबरोबर बांधावर मुठे पकडले. गुडघाभर चिखल. भोकात हात घालायचा, खेकड्याने बोट धरलं तर ओरडायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. मी ओरडलो. ते हसून हसून बांधावरच बसले. हाडाचा शेतकरी आहे. बोलता बोलता म्हणाले, इतकी वर्सं झाली, पन या बांधावर बसून मना कोनी काय इचारलं नाय. मी म्हटलं, मालक, आता मी आहे ना विचारायला.

रखमाबाईंनी मुठ्यांचं कालवण केलं. खाली मान घालून तीनदा वाढून घेतलं. निघताना त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, तुमचं ते ऑफिस रविवारी पन चालू असतं का? म्हटलं, आमचं ऑफिस सदैव चालू. मालकांना काही शंका असली तर मालकांनी कधीही फोन करावा.

बाईमाणसाला काय करायचंय ऑफिसचं? पण विचारलं तर उत्तर द्यावं, असा माझा स्वभाव.

२१ जुलै

बोट सुजलंय. कामाला सुट्टी.

शीलाचे हल्ली फोन फार. हो मावशी, नाही मावशी, घाबरू नका मावशी, सही लगेच करू नका मावशी. वकिलाकडची कुणी अशील असणार. घरी आल्यावरही ऑफिस सुटत नाही हिला. मी बघा, काम बाहेर ठेवून घरात येतो.

१७ ऑगस्ट, रविवार

मोठा दिवस. रूपेश नावाचा तरुण बिल्डर गाठला होता, त्याची साइट व्हिजिट लावली. त्याचे बूट पांढरे. मी पुढे, तो मागे, काका त्याच्या मागे. हात लांब करून दाखवलं, इथे गेट, इथे क्लब हाउस, इथे स्विमिंग पूल. पूल जिथे दाखवला तिथे शेजाऱ्याची म्हैस बसली होती. जमीन नक्की कुठपर्यंत, हे काकांना विचारलं तर त्यांनी हात फिरवला, सगळं आलं त्यात, समोरचा डोंगरसुद्धा. मोठ्या मनाचा माणूस.

रूपेशने एकच प्रश्न विचारला: ओनर कोण आहे? मी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, हे काय, साक्षात समोर उभे आहेत. काका एकदम म्हणाले, शेरडू सुटलंय वाटतं, आणि गेले. बकरी दावणीलाच होती. लाजाळू स्वभाव.

पडवीत चहा. आज दुधाचा. रखमाबाई उंबऱ्यात बसून रूपेशला विचारत होत्या, तुमची आधीची बिल्डिंग कुठं, किती वर्सांत झाली, लोकं राहायला आली का. मीच मध्ये पडून विषय बदलला. बाहेरच्या माणसासमोर मालकाचा अपमान होतो अशाने.

शीला संध्याकाळी स्कूटीवरून कुठूनतरी पडवळ घेऊन आली. ताजं. रखमाबाईंच्या मांडवावर आहे तसलंच.

७ सप्टेंबर

नरेंद्रचा फोन. दिवाळीचा सीझन आहे, गोडाउनला माणूस लागेल, कधीपासून येताय, भाऊजी? म्हटलं, माझं डील फायनल स्टेजला आहे. तो म्हणाला, हो हो, ताई म्हणाली. 'हो हो' असं म्हणायची काही गरज नव्हती.

संकल्प: डील झाल्यावर नरेंद्रला पेढे स्वतः नेऊन द्यायचे. गोडाउनमध्ये गिऱ्हाईक असताना.

१४ सप्टेंबर, रविवार

काकांना आज स्पष्ट विचारलं. मालक, हो की नाही? तंबाखूची चिमूट मळून दाढेखाली ठेवली. मग म्हणाले, माझं काय, मी हायच. घरात इचारावं लागंल.

म्हणजे हो. कौल तेवढा बाकी. कोणता देव आहे यांचा, इतका वेळ घेतोय?

५ ऑक्टोबर

दिवाळी जवळ आली. थोडी धाकधूक. खरं लिहायचं तर बरीच. काल स्वप्नात पँटी आल्या.

शीलाला म्हटलं, पुढच्या रविवारी मी खरवईला जाऊन व्यवहार नक्की करून येतो. ती म्हणाली, या ना, अकरापर्यंत या. 'या' का म्हणाली, 'जा' म्हणायचं सोडून? पण कामाच्या ताणात माणसाने शब्दांच्या मागे लागू नये.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपार

हे लिहायला तीनदा बसलो, तीनदा उठलो.

पेढे घेऊन गेलो. अंगणात शीलाची स्कूटी. पडवीत काका, दाढी केलेले, नवा सदरा. आत ओटीवर रखमाबाई, रूपेश आणि शीला. मध्ये कागद, चष्मा आणि पोह्यांच्या बशा. रूपेश मला बघून म्हणाला, अरे सर, टायमावर आलात, आत्ताच सगळं क्लोज झालं. विसार देऊन झाला होता.

जमीन रखमाबाईंची. वडिलांची एकुलती एक मुलगी. शिवरामकाका लग्नानंतर इथेच राहायला आले, म्हणून अख्खं गाव त्यांना जावई म्हणतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. घरात विचारतो म्हणजे घरातच विचारत होते ते. देवाचा काही संबंध नव्हता.

पहिल्याच आठवड्यात रखमाबाईंनी कार्डावरच्या ऑफिसला फोन केला. मी पडवीत बसून काकांना एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येतं ते, समजावत होतो, तेव्हा त्या मागच्या दारी उभ्या राहून शीलाशी बोलत होत्या. दोघी लेकींना तळमजल्यावर एकेक ब्लॉक, पडवळाच्या मांडवापुरती जागा त्यांच्या ताब्यात, घर तयार होईपर्यंत भाडं, सगळं शीलाने बोलून, कागदावर घेऊन, वकिलाकडून तपासून दिलं. दलाली आमच्याच फर्मला.

मी म्हटलं, मावशी, मला एकदा सांगायचं होतंत. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊ, तुमी चार महिनं येता, कधी मना इचारलं का, मावशी, तुमच्या मनात काय हाय? इचारलं ते एवढंच, आनखी थोडं कालवण हाय का?

लाज वाटली. खूप वाटली. पोहे खाल्ले नाहीत. (निघताना शीलाने डबा भरून घेतला, तो घरी खाल्ला.)

पडवीत काकांजवळ बसलो. म्हटलं, काका, तुम्ही तरी सांगायचंत. त्यांनी तंबाखूची डबी उघडली आणि न मळताच बंद केली. मग म्हणाले, या गावात जलमभर जावई झालो. तुमी मालक मालक म्हनत होतात, कानाला बरा वाटं. मंग सांगवलंच नाय. रागावू नका.

मला रागावता आलं नाही. मीही नव्या कार्डावर स्वतःचं नाव दिवसातून दहादा वाचतच होतो की. पेढ्यांचा बॉक्स तिथेच उघडला. पहिला पेढा त्यांना दिला आणि म्हटलं, घ्या मालक. त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि घेतला.

१३ ऑक्टोबर

अट होती, दिवाळीपर्यंत एक व्यवहार झाला पाहिजे. झाला. कोणी करायचा, हे अटीत नव्हतं. शीलालाही हे मान्य करावं लागलं. गोडाउन टळलं.

नीट विचार केला तर पाया मीच घातला. कार्ड कोणी दिलं? रूपेशला कोणी आणलं? खेकड्याने बोट कोणाचं धरलं?

२७ ऑक्टोबर, सोमवार

शीलाने वकिलांकडचं काम अर्ध्या वेळेवर आणलं. उरलेला अर्धा वेळ लँड कन्सल्टंट. नव्या कार्डांवर ठळक नाव आता तिचं आहे. मी म्हटलं, माझं? ती म्हणाली, तुमच्यासाठी तर फार महत्त्वाचं काम आहे, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

वांगणीला एक आजीबाई आहेत, जमीन त्यांची, बोलायला तयार आहेत. पण त्यांचे यजमान मध्ये मध्ये बोलतात, एक वाक्य पुरं करू देत नाहीत. उद्यापासून मी त्यांच्याशी पडवीत गप्पा मारत बसायचं. विषय कोणताही चालेल. शीलाने आतून हाक मारेपर्यंत उठू द्यायचं नाही.

पाचला उठायची गरज नाही, असंही तीच म्हणाली. यजमान दहापर्यंत झोपलेलेच असतात.