घरटी एक माणूस

अण्णा, तुम्ही गेल्यानंतर या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. पालीच्या बाजारातल्या माझ्या गाळ्याचं शटर. देवळाच्या मंडपाचं छप्पर पेलणाऱ्या सोळा लोखंडी कैच्या. आपल्या खाजणाच्या, खाडीकाठच्या भातशेताच्या, बांधातली, भरतीचं पाणी अडवणारी सागाची उघाडी, तीनदा. आणि खाडीपलीकडच्या कोळशाच्या यार्डाचं सरकतं गेट: चोवीस फूट, चार चाकं, एका बोटानं ढकललं तरी चालतं. मला कुणी शिकवलं नाही, बाप असून तुम्हीही नाही.

उघाडीशेजारच्या जांभ्याच्या खांबावर दर श्रावणी पुनवेच्या उधाणाला मी छिन्नीनं खूण करतो. तुम्ही असताना मारलेल्या पहिल्या खुणेच्या वर आता पाणी चार बोटं चढतं. गेल्या वर्षी ते बांधावरून आत आलं आणि उभ्या भातात मीठ भरलं. कोळसा जळतो, समुद्र चढतो, हे कॉलेजातल्या पोरींनी देवळात समजावलं तेव्हा मी गप्प बसलो होतो. यार्ड वाढणार होतं, ते काम मलाच मिळणार होतं. पण गावानं ठरवलं, गाड्या अडवायच्या. दगड नाही, शिवी नाही. जमावबंदी मोडून नुसतं बसायचं. आणि कसं, तर बांध फुटल्यावर जातो तसं, घरटी एक माणूस.

तुम्ही असताना एकदा बांध फुटला, तेव्हा मी इंजिन खोलून बसलो होतो म्हणून बांधावर माझ्या जागी मजूर पाठवला होता, आठवतं? तुम्ही तापात होतात. त्याला चहा पाजून परत धाडलंत आणि स्वतः कमरेएवढ्या चिखलात उतरलात. संध्याकाळी चुलीपाशी पाय शेकत एवढंच म्हणालात, "घरचा माणूस मागतात रे, भाड्याचा नाय."

हिचे गुडघे धरलेले, लेक मुंबईला. उरलो मीच. गेटाच्या रुळावर बसलोय, पत्रा पाठीला भाजतोय. फौजदार वाकून म्हणतो, "मिस्त्री, स्वतःच्याच गेटाला आडवे? उठा, घरी जा." शेजारची सत्तरीची काकी म्हणते, "बघा उठतोय का! त्याचं वेल्डिंग पक्कं असतं." पोलीसही हसले. मग एकेकाला उचलून गाडीत घातलं.

आता दर सोमवारी ठाण्यात हजेरी, रत्नागिरीला कोर्टाची तारीख. यार्डाच्या ठेकेदारांनी कामं बंद केली, आणि इथे दुसरं काम आहेच कुणाकडे? गाव म्हणतं, गेट तूच केलंस. यार्डवाले म्हणतात, तू उलटलास. दोन्ही खरं आहे. वेल्डिंगचं मशीन झाकून ठेवलंय.

परवा यार्डाचा मॅनेजर गाळ्यावर आला. "लोकांनी भरीला घातलं म्हणून बसलो, एवढं लिहून द्या. नव्या शेडचं सगळं काम तुमचं." कागदावर आकडा लिहून सरकवला. मी वाचला, परत केला, नाही म्हणालो. घरी हिनं विचारलं, कितीचं होतं? दीड लाख, म्हणालो. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरा आकडा इथे लिहितो: अकरा लाख चाळीस हजार.