अनामत की इनाम

बाबा, तुमची नोकरी आणि माझी नोकरी एकाच शब्दातून निघाली आहे, हे मला परवा कळलं. तुम्ही रायपुरात अमीन होता, लोकांची शेतं मोजायचे. मी इथं सौदीत एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर राखण करतो. माझ्या शर्टाच्या पाठीवर अरबीत काहीतरी छापलेलं आहे. तीन वर्षं तो शर्ट धुऊन राहिलो, पण काय लिहिलंय ते कधी कोणाला विचारलं नव्हतं. परवा दुपारी कोणी येत-जात नव्हतं, तेव्हा आमच्या सुदानी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, अम्न. म्हणजे राखण, सुरक्षा.

हा माणूस गावाकडे शाळामास्तर होता. त्याला शिकवायला कोणीतरी पाहिजेच असतं. त्यानं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर तीन अक्षरं काढली, अलिफ, मीम, नून, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की या तिघांचं खानदान फार मोठं आहे. अमीन म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकावा तो. ईमान म्हणजे मनातला भरवसा. ते लोक दुआच्या शेवटी आमीन म्हणतात, तोही यातलाच. माझ्या खिशात दवाखान्याच्या विम्याचं कार्ड आहे, ते तामीन. गाडीतला पट्टा, तोही अमानचा. इथली नगरपालिकासुद्धा अमाना, कचऱ्याच्या गाड्यांवर तेच नाव. मी हसून राहिलो होतो. मग तो म्हणाला, खरा अमाना म्हणजे दुसऱ्याची वस्तू, जी आपण फक्त सांभाळायची. तिथं माझं हसू थांबलं, कारण ही तर आपली अनामत. अरबीतून मराठीपर्यंत येताना म आणि न यांनी जागा बदलल्या, बाकी शब्द तोच. मी विचारलं, आणि इनाम? त्यानं मान हलवली. "वो अलग. इसका भाई नहीं."

बाबा, इतकी वर्षं मी त्या दोघांना भाऊच समजत होतो.

सातवीचा निकाल लागला त्याच आठवड्यातली गोष्ट. नवीन राजधानीसाठी जमिनी मोजणं चालू होतं, तुम्ही सकाळीच निघून तेलीबांध्याच्या पलीकडे खेड्यांत जायचे. त्या संध्याकाळी तुम्ही तात्यापाऱ्यातल्या आपल्या दारात निळी लेडीज सायकल धरून उभे आहात. पॅन्टला गोखरू चिकटलेले. सायकल भिंतीला टेकवून तुम्ही आईला म्हणता, अनामत हाय, नीट ठेवजो. आतून मला ऐकू येतं, इनाम. दुसरं काय ऐकू येणार? माझी शाळा हिंदी. तुम्ही मराठीत बोलायचे, मी अर्धं समजून हिंदीत उत्तर द्यायचो. अमानत म्हटलं असतं तर समजलं असतं, अनामत हा शब्द फक्त तुमच्या तोंडात होता. मी पळत बाहेर आलो, विचारलं, बाबा, चलाऊं? तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालव. पडू नको फक्त."

या एका वाक्याशी मी अजून भांडतो.

चार महिने मी तिच्यावर शाळेत गेलो. रोज पुसायचो, चेनला तेल द्यायचो. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर. एवढंच नाही, एक दिवस तुम्ही स्वतः घंटी आणून तिला बसवली. दुसऱ्याच्या सायकलीला कोणी घंटी आणतं का?

मग एका रविवारी सकाळी एक म्हातारा आणि त्याची नात दारात आले. त्यांचं घर तुम्ही मोजलेल्या जमिनीत गेलं होतं. नवीन घर होईपर्यंत पोरगी मामाकडे होती, सायकल तुमच्याकडे. म्हातारा हात जोडून म्हणाला, साहब, नोनी के साइकिल ले बर आए हन, म्हणजे पोरीची सायकल न्यायला आलो. तुम्ही मला सायकल आणायला सांगितलं. मी आणली, पण पोरीच्या हातात दिल्यावर परत धरून ठेवली आणि ओरडलो की माझी आहे.

"तुले सांगतलं होतं, अनामत हाय."

"आपने इनाम बोला था."

शेजारचे हसले. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली आणि म्हणाले, "बेइमान पोट्टा." पोरगी घंटी वाजवत गल्लीतून निघून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोट्टे विचारून राहिले, क्यों बे, इनाम वापिस हो गया? आठ दिवस पायी गेलो. मग जाणंच सोडलं. तुम्ही रागावले, आई रडली, मी पंक्चरच्या दुकानात बसायला लागलो. दोन वर्षांनी तुम्ही गेले. मसणात लोक म्हणत होते, असा इमानदार अमीन अख्ख्या रायपुरात नाही. मी तिथंच उभा होतो. मला कोणी विचारलं नाही.

परवा मुकादमाला मी हेही विचारलं, अमाना ज्याच्याकडे ठेवली, त्यानं ती वापरली तर? तो म्हणाला, मालकाला न विचारता वापरली तर खियानत, दगा. मग सांगा बाबा, चालव म्हणाले त्या दिवशी बेइमान कोण होतं? म्हाताऱ्याची वस्तू तुम्ही परत केली. माझा भरवसाही तुमच्याकडेच ठेवलेला होता. पोरा, ही दुसऱ्याची आहे, एवढं म्हणायचं होतं. माझा चेहरा पाहून तुमच्यानं म्हणवलं नसेल. तुम्ही मला सायकल कधीच घेऊन देऊ शकणार नव्हते, तेही आता समजतं. समजतं, पण राग तिथंच आहे. तुम्ही न बोलायचं ठरवलं आणि थोबाडीत मी खाल्ली.

मराठी लिहायला मी कधी शिकलो नाही, अक्षरं हिंदीचीच म्हणून जमून राहिलं. हे मी कुठं पाठवणार नाही, आईलाही फोनवर वाचून दाखवणार नाही. म्हणून राहिलेलं लिहून टाकतो. सायकलीच्या चेनकव्हरवर पांढऱ्या रंगानं त्या पोरीचं नाव लिहिलेलं होतं. हिंदीत, मोठ्या अक्षरात. मी ते पहिल्याच संध्याकाळी वाचलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर विटेच्या तुकड्यानं खरवडून काढलं. त्या रविवारी मी सायकल हातात दिली तेव्हा पोरीनं त्या जागेवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती बोलण्याआधीच मी ओरडलो.