सकाळी सातच्या आत

मंगळवार, १३ जानेवारी. साखरा.

१. सकाळी पावणेसातला दत्तरावकाकांनी शेताच्या बांधावरचा पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला.
२. ढिगात घोरपड होती. ती पळाली नाही.
३. पेटवण्याची वेळ मी ठरवून दिली होती.

कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांत बोंडअळी हिवाळा काढते, म्हणून ढीग जाळा, सकाळी सातच्या आत, वारा नसताना. आमच्या कृषी कार्यालयाच्या सूचनापत्रातली ही ओळ माझी. त्याच ढिगात घोरपडही शिरते आणि सकाळच्या गारठ्यात तिचं अंग हलत नाही, हेही मी शिकले आहे. मग लिहिताना का आठवलं नाही?

काका त्या जळून मेलेल्या घोरपडीला काठीने उलटवत हसत होते. "एवढं धूड, पळालं काहून न्हाई?"

"थंडीत तिला पळता येत नाही, काका."

"मंग टाइम तर तुमीच दिला ना, ताई? आमी बराबर सातच्या आत पेटवलं!"

शेजारचा एक जण फोटो काढत होता. किळस आली. त्यांची नंतर, आधी माझी.

तिच्या पुढच्या पंजात पऱ्हाटीची काडी घट्ट धरलेली होती. मी तिला शिवलेही नाही, तरी दोनदा हात धुतले. तो पंजा.

शुक्रवारी तांड्यावरचे ढीग पेटणार. साहेबांना आत्ताच लिहून पाठवलं: "सूचनेत माझी चूक आहे. ढीग भर दुपारी, उन्हात हलवून, पसरून मगच पेटवावेत, अशी दुरुस्ती करायची आहे. मंजुरी कृपया गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा."