मॅटाडोरचा ब्रेक

१२ नोव्हें.
तलवाड्याच्या लग्नाचा स्वयंपाक उरकून येताना उतारावर मेंढरं आडवी आली. ब्रेक तीनदा हाणला तेव्हा कुठं मॅटाडोर थांबली. मागं पातेली एकमेकांवर आदळली. शेवटचं मेंढरू आणि बंपर, मधी हातभर जागा. मेंढरंवाला नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हें.
यांना सांगितलं. सत्तावीस वर्षं गाडी यांनीच चालवली. यांच्या मांडीचं हाड मोडल्यापासून, दीड वर्ष झालं, मी चालवते.
म्हणाले, "जोर लावावा लागतो. मला न्हाई काही अडचण आली."
"तुमचा पाय धड होता तवा."
बोलायला नको होतं. जेवले नाहीत.

१५ नोव्हें.
माजलगावला रशीदचाचांच्या गॅरेजात. म्हणाले, "गाडी लई भली हाय, पण एवढा जोर कशापायी लावायचा? बूस्टर टाकू. पाय नुसता ठेवला तरी धरंल." डिझेल गाडी, म्हणून बूस्टरला वेगळा पंप लागतो म्हणे. जुन्या पिकअपचा बघतो म्हणाले. चार दिवस.
घरी यांना एवढंच सांगितलं, गाडी एकोणीसला मिळेल.

१९ नोव्हें.
गाडी आणायला गेले तर हे माझ्या आधी गॅरेजात. काठी टेकत, यष्टीनं, एकटे. स्टुलावर बसून ब्रेकची नळी हातात.
"हा जुनीच ठेवत होता. बदलायला लावली."
चाचा हसले. येताना हे माझ्या शेजारी. खरंच, पायाचा भार पडला की गाडी उभी.

२४ नोव्हें.
बीडला आरटीओत गाडीचं पासिंग. रात्रभर तीच धास्ती, नापास झाली तर भंगारात. साहेब स्वतः बसले, वेग घेतला, ब्रेक दाबला. जागेवर थांबली. पास. बाहेर येऊन मी दोन कप चहा प्यायले. किती दिवसांनी तोंडाला काही गोड लागलं.

२६ नोव्हें.
चकलांब्याची भांडी पोचवून रिकामं येताना माळाजवळ हे म्हणाले, "थांबव जरा. ब्रेक हलका झालाय, तर... मला बसू दे एकदा."
मी उतरले, दुसऱ्या बाजूनं चढले. यांनी ब्रेकवर पाय ठेवला, काढला, परत ठेवला. मग माळाला दोन फेऱ्या. दर वेळी नीट थांबवली. तोंड असं खुललेलं, दीड वर्षात पाहिलं नव्हतं.
रविवारी गेवराईची ऑर्डर आहे. कोण चालवणार, यांनी विचारलं नाही. मीही नाही.