शिस्त लागल्यावर

मलकापूर
४ डिसेंबर २०२३

ती. भिमाआत्यास,
समताचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मला इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची मॅनेजर केलं. हाताखाली चाळीस माणसं, त्यांत सव्वीस बाया. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आवाज जड करायला आणि मान ताठ ठेवून चालायला शिकले.

काल कापसातला कचरा वेचणाऱ्या, वीस वर्षं इथंच असलेल्या कलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की मागची कापसाची गंजी आतून तापली आहे, पसरवून टाका. मी सांगितलं, तुम्ही कचरा वेचा, मॅनेजर मी आहे. तेव्हापासून कोणी चकार शब्द काढत नाही. शिस्त लागली.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी समता


जानेफळ
८ डिसेंबर

चि. समतास,
अनेक आशीर्वाद.

तुले मॅनेजर केलं का ठाणेदार? तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होती मी. माणसं गप झाले म्हणजे शिस्त लागली म्हणतं, तर मुडदाघरासारखी शिस्त कुठीच नसते. अख्ख्या पत्रात तुही मान, तुहा आवाज. गंजीत हात घालून पाह्यला का, ते काऊन नाही लिवलं? वीस वर्षं कापूस हाताळणारी बाई खोटं काऊन बोलंन? तुह्या बापालेही असंच वाटे का पदाबरोबर अक्कल फुकटात भेटते.

राग आला तर भाकर खाऊन घे, मंग उत्तर लिव.

आत्या


मलकापूर
२३ डिसेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच गंजीतून धूर निघाला. बायांनी कापूस ओढून काढला, आमच्या वॉचमन प्रेमानंदने पाणी मारलं. अर्धी गंजी गेली. कलाबाईंचा तळवा भाजला.

मालकांनी विचारलं की बायांना आधी कळलं नाही का, आणि कलाबाईंकडे पाहिलं. आत्या, मी गप्प राहिले. त्या खाली मान घालून हाताला फडकं गुंडाळत होत्या. ते बघवेना, तेव्हा बोलले की यांनी सांगितलं होतं, मीच तोंड बंद केलं. मालक म्हणाले, एवढा हंगाम पाहू, मग तुमचं ठरवू.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. कलाबाई म्हणाल्या की झाली असंन मागून तर बाजूले सरका, गाडी येऊन राह्यली. आता रोज त्यांना घेऊन गंज्या पाहते. परवा मी पास केलेल्या गाडीतला कापूस ओला निघाला. त्यांनी तोंडावर सांगितलं आणि बाया खो-खो हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी परत पाठवली.

रागाव, पण दूर लोटू नकोस.

समता


जानेफळ
२७ डिसेंबर

चि. समतास,
आशीर्वाद.

गप राह्यली ते लपवलं नाही, म्हणून हे पत्र जपून ठेवतो. बाकी कौतुक करण्याजोगं काही केलं नाही तू. दुसऱ्याचा हात भाजल्यावर आलेली अक्कल महागाची असते. कलाबाईच्या हातावर पट्टी रोज बदलली जाते का, ते पाह्य. विचारू नको, पाह्य.

नोकरी राहो का जावो. पण बाया तुह्या तोंडावर हसल्या, हे वाचलं अन् त्या दिवशी नीट झोप लागली मले.

आत्या