काट्यावरची टिकली

माय, तू मोहाची दारू गाळायचीस तेव्हा हंडीच्या सांध्यावर ओली माती थापायचं काम माझ्याकडे होतं. जराशी वाफ सुटली की चुलीपासूनच ओरडायचीस, "पोरी, वाफ पळून राह्यली! डोळे कुठी हायेत तुये?" तू गेलीस तेव्हा माझा लेक पाळण्यात होता. आता त्याच्या पोरीनं मले पुन्हा त्याच कामावर ठेवलं आहे, फक्त उलटं.

तिनं परसात जाड लोखंडी नळकांडं मांडलं आहे. त्यात बांबू घालायचे, झाकण लावायचं अन् जुन्या फ्रिजच्या पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. मग औषधाचं पाणी सोडलं की ते बांबूच्या पोटात शिरतं अन् बांबू पोखरणारा घुण लागत नाई. तिनं मागं करून विकलेल्या बांबूच्या खुर्च्या घुणानं खाल्ल्या. घेणाऱ्यांनी पिठीसकट परत आणून दिल्या. लेक तिले म्हणाला, "ह्या खेपेले जमलं तं ठीक, नाई तं नागपूरले नोकरीवर जाय."

ओढलेली हवा परत शिरू नये म्हणून आधी आम्ही पाण्याचा साधा नळ लावला. पंप बंद केला की नळकांड्यावरच्या हवा मोजायच्या घड्याळातला काटा हळूहळू मागं येई. नळाच्या दांडीतून हवा आत शिरत होती. मी म्हटलं, "हे माझं काम!" कणीक भिजवली अन् दांडीभोवती थापली, तुझ्या हंडीले माती थापायची तशी. पण हंडी बाहेर ढकलते, हे आत ओढते. नळानं माझी कणीक गिळली. त्याच्या घशातून ती कोरून काढता काढता नात म्हणते, "आजी, पोळ्या केल्या असत्या तं मीच खाल्ल्या असत्या!"

मग बसनं गेलो चंद्रपूरले. दुकानदारानं व्हॉल्व मांडले. "पाण्याचा थेंब गळणार नाई, बाई." नात म्हणाली, "भाऊ, पाणी जाड असते, हवा बारीक." व्हॉल्व बंद करून ती त्याच्या तोंडाले ओठ लावायची, हवा ओढायची अन् जीभ टेकवायची. जीभ चिकटून राह्यली तर व्हॉल्व पक्का. मीही लावले ओठ. दात नाईत, म्हणून माझे चांगले बसतात.

"आजी, चव कशी हाये?" दुकानदार हसून राह्यला.

"तुह्या चहापेक्षा बरी."

शेवटी आत गुळगुळीत गोळी असलेला एक सापडला. गोळीच्या दोन्ही बाजूंनी अन् दांडीभोवतीही मऊ रिंग. माझी जीभ सोडायलेच तयार नव्हता. तोच घेतला.

आज सकाळी तो बसवला. आधी रिकाम्याच नळकांड्यातली हवा ओढून पाह्यली अन् नातीनं पंप बंद केला. "आजी, मी बांबू आणते, तू काटा पाह्यत राह्य." आकडे मले कुठी येतात? मी तिच्याच कपाळावरची टिकली काढली अन् काट्याच्या टोकावर, काचेले चिकटवली. वरण शिजलं, भात झाला, लेक शेतातून आला. काटा टिकलीखालीच. लेकानं वाकून पाह्यलं, पुन्हा पाह्यलं, अन् जेवताना नागपूरचं नाव न घेता आणखी भात मागितला.

मी बोलते अन् नात मोबाईलवर लिहून राह्यली. विचारते, "पाठवू कुठी?" कुठीच नको, राहू दे तिथीच. अन् पोरी, हसू नको, हेही लिही: काटा हलला असता, तर मी टिकली हलवली असती.