व्हॅन त्याच्याच दारात

३ फेब्रुवारी, मंगळवार

त्याची जिरवायची. एवढंच लिहायला वही काढली.

आज व्हॅनचं इंजिन जाम झालं. घेऊन तेवीस दिवस झालेत, तेवीस! आई आणि मी लॉजच्या धुतलेल्या चादरी पोचवायला निघालेलो. भर रस्त्यात धाडकन बंद. चादरी आम्ही दोघींनी डोक्यावरून नेल्या. पोचेपर्यंत लॉजवाल्याने दुसऱ्या लाँड्रीला फोन केलेला. ‘उद्यापासून येऊ नका.’

मग आई तशीच जुन्या गाड्यांच्या यार्डात गेली. मी मागे. विकताना त्या माणसाच्या तोंडातून नुसता गूळ गळत होता— ‘ताई, बसा, पंखा फिरवा रे ताईंकडे.’ म्हणून मी त्याचं नाव गुळ्या ठेवलंय. आज? दहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘बाई, चालवायची अक्कल नाही तर गाडी घ्यायची कशाला? धुण्याचं मशीन आहे का ते, बटण दाबलं की झालं?’

सगळे हसले. गाड्या पुसणारेसुद्धा. आई नुसती पदराशी चाळा करत राहिली. आणि मी? मी तिथे खांबासारखी उभी. काय बोलायचं ते सगळं आत होतं, आतच राहिलं.

येताना आई म्हणाली, ‘जाऊ दे गं.’

नाही जाऊ देणार.

४ फेब्रुवारी, बुधवार

मामाने व्हॅन दोरीने ओढून त्याच्या गॅरेजवर आणली. ऑईलच्या झाकणात बोट घातलं, मला दाखवलं. ‘बघ. पाकासारखं घट्ट. इंजिन आतून खडखडत असणार, म्हणून जाडं ऑईल ओतलंय. दोन-तीन आठवडे आवाज दाबून राहतो. मग हे असं.’

मग आईवर उखडला. ‘ताई, घेताना मला का नाही नेलंस?’

‘तू घेऊ नको म्हणाला असतास.’

‘म्हटलंच असतं!’

‘म्हणूनच नाही नेलं,’ आई म्हणाली. तिला ती व्हॅन फार आवडली होती. मागच्या काचेला पडदा शिवलेला तिने.

८ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून मी मामाकडे कामाला. मामाशी मला बोलता येतं. बाकी कुणाशी नाही. शाळा त्यापायीच सुटली, नववीत. उत्तर द्यायला उभी राहिले की सगळी तोंडं माझ्याकडे, आणि माझी बोबडी वळलेली. एक दिवस गेले नाही. मग गेलेच नाही.

मामा मला ‘मुके’ म्हणतो. त्याने म्हटलं तर राग येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात मामाकडून ऐकलेलं. आधी माहीत असतं तर!

गाडी बघायला गेलं की पहिलं बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं आपण यायच्या आधी तापवून ठेवलीय. गरम इंजिन लबाडी लपवतं. सांगायचं— थंड करा, मी परत येते. (आमची गरम होती. मला आठवतंय. मी हात ठेवला होता आणि ‘किती छान ऊबदार’ असं वाटलं होतं. गाढव मी.)

धूर निळा असेल तर ऑईल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जातंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते त्यातल्या त्यात परवडलं.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरून खड्डा लपवलाय.

मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत— मीटर मागे फिरवलाय.

पायाखालची चटई उचलायची. खाली गाळ दिसला तर गाडी पाण्यात बुडून आलेली.

मामा म्हणाला, ‘आणि सगळ्यात महत्त्वाचं. विकणारा जे दाखवतोय ते बघायचं नाही. जिथे तो उभा राहिलाय तिथे बघायचं.’

गुळ्या त्या दिवशी पूर्ण वेळ बॉनेटसमोर उभा होता. हसत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आईला व्हॅन दारात नको. बघितली तरी डोकं उठतं म्हणते. मामा म्हणाला, भंगारातून चांगलं इंजिन आणून बसवू आणि विकून टाकू. गाड्यांना रंग मारणारा त्याचा दोस्त ती घेणार, निळी करून पुढे विकणार. कुणाला? गुळ्याला! तोच गाड्या जास्त उचलतो.

मी विचारलं, तो ओळखणार नाही? रंगवाला हसला. ‘तो? महिन्याला पन्नास गाड्या इकडच्या तिकडे करतो. त्याला स्वतःची बायको रंग बदलून आणली तर कळणार नाही.’

मग तो सहज बोलून गेला— ‘नवीन आलेली गाडी पहिले चार-आठ दिवस स्वतःच वापरतो. फुकट फिरायला.’

मी पाना पुसत होते. पुसतच राहिले.

२ मार्च, सोमवार

इंजिन बसलं. क्लच प्लेट मी बदलली, मामा नुसता बाजूला उभा. ‘हात चांगलाय तुझा, मुके.’ गाडी खरंच चांगली होतेय. त्याचाच राग येतो. गुळ्याला चांगली गाडी का मिळावी?

९ मार्च, सोमवार

मागच्या ब्रेकचा लोखंडी पाईप गंजलाय. गाडीखाली आडवं पडलं की दिसतो, नखाने खरवडला तर पोपडे निघतात. मामाने नवा आणून दिला. ‘हा बदल, मग झालं काम. ब्रेकच्या बाबतीत कधी कंजुषी करायची नाही.’ आणि तो दुसऱ्या गाडीकडे गेला.

मी गाडीखाली गेले. पाईपकडे बघत पडून राहिले.

मग जुनाच घासला. खाली पत्र्याला मारायचा काळा रंग असतो, तो दोन हात मारला. सुकल्यावर अगदी नवा! पेडल दाबून बघितलं. ब्रेक लागतो. आज लागतो. रोज जोरात दाबला की कधीतरी तो फुटणार. गुळ्याच्या यार्डाबाहेर केवढा उतार आहे.

नवा पाईप टायरच्या ढिगामागे टाकला.

मामाने विचारलं, ‘बदललास?’ मी मान हलवली. मुक्या माणसाला खोटं बोलायलासुद्धा तोंड लागत नाही.

१० मार्च, मंगळवार

मामाने काय काय काम केलं त्याचा कागद लिहिला. ‘ब्रेक पाईप नवीन.’ खाली सही, गॅरेजचा शिक्का. शिक्क्याकडे बघवेना. पण आईचा तो चेहरा आठवला, मग बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

निळी झाली. पडद्याची आईने ठोकलेली तार तेवढी राहिली होती, मी काढली.

२१ मार्च, शनिवार

गेली! रंगवाला सांगत होता, गुळ्याच्या चष्मेवाल्याने— गाड्या तपासायला एक चष्मेवाला ठेवलाय त्याने— खाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, ‘खालून एकदम कोरी आहे, शेठ.’

कोरी!! हसून हसून पोट दुखलं. आईने विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

रोज दुपारी यार्डासमोरून जाते. गुळ्या अजून जुन्या लाल गाडीतूनच येतो. व्हॅन मात्र पुढच्या रांगेत, काचेवर पाटी— ‘एकच मालक, एक हात वापरलेली.’ एक हात! आई, मामा, मी, रंगवाला... मोज म्हणावं हात.

चालव ना रे. घरी घेऊन जा ना.

३१ मार्च, मंगळवार

अजून तिथेच.

४ एप्रिल, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी गेले तर व्हॅनपाशी एक बाई. रोपं आणि कुंड्या विकणारी असणार, नखांत माती, पिशवीतून पानं डोकावत होती. कडेवर मुलगी, दोनेक वर्षांची. गुळ्या तिला सांगत होता, ‘ताई, बसा की आत. पंखा फिरवा रे ताईंकडे.’ शब्द न् शब्द तोच!

बाई चालवून बघणार म्हणाली. मुलीला मागे बसवलं. चष्मेवाला शेजारी बसला. इंजिन सुरू झालं. समोर फाटक, फाटकाबाहेर तो उतार.

मी रस्ता कधी ओलांडला मला माहीत नाही. व्हॅनसमोर जाऊन दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. बाईने हॉर्न वाजवला. सगळे बघायला लागले. सगळी तोंडं माझ्याकडे.

आणि मी बोलले. ओरडलेच.

‘उतरा! ब्रेकचा पाईप सडलाय. रंग मारलाय त्याला. मी मारलाय. मीच!’

गुळ्या म्हणाला, ‘कोण ही येडी? बाजूला करा तिला.’

‘माझ्या आईला तुम्ही हीच व्हॅन विकली! पांढरी होती! जाडं ऑईल ओतून विकली! आणि वर तिचीच अक्कल काढली!’ अजून काय काय बोलले. तोंडाला लागलेलं कुलूप तुटून पडलं होतं, थांबतच नव्हतं.

बाई खाली उतरली, आधी मुलीला घेतलं. चष्मेवाला व्हॅनखाली शिरला, किल्लीने खरवडलं. काळा पापुद्रा पडला, मग तपकिरी चुरा, आणि मग थेंब. ‘शेठ, गळतंय,’ तो खालूनच म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झालेला!

कुणीतरी हसलं. मला नाही— गुळ्याला. आणखी दोघे हसले. दुसरी गाडी बघत असलेला एक म्हातारा सरळ फाटकाबाहेर चालता झाला. बाई जाताना माझ्याकडे बघून गेली. आभार नव्हते त्या बघण्यात. मुलीला घट्ट धरलं होतं तिने.

गुळ्याचा जबडा उघडाच राहिला.

मजा आली. खोटं का लिहू. फार मजा आली.

५ एप्रिल, रविवार

रंगवाल्याने मामाला सगळं सांगितलं. मामा टायरच्या ढिगामागे गेला, नवा पाईप घेऊन आला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘माझी सही होती गं त्याच्यावर.’

एवढंच. ‘मुके’ पण म्हणाला नाही. गॅरेजच्या किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. वीस वर्षं झाली त्याच्या गॅरेजला. सकाळपासून दोन जण आपल्या गाड्या परत घेऊन गेलेत.

आईला सगळं सांगितलं. तिने हातातली इस्त्री उभी ठेवली. मग विचारलं, ‘त्या लहान मुलीला काही झालं असतं तर?’ मी म्हटलं, मला तोच गाडीत हवा होता. आई म्हणाली, ‘तोच असता म्हणून काय झालं असतं?’

तिचा प्रश्न लिहून ठेवला. गुळ्याचा तो उघडा राहिलेला जबडा मात्र डोळ्यांसमोरून जात नाही, आणि मी तो जाऊ पण देत नाही.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी दार वाजलं. गुळ्या! हातात मिठाईचा डबा. मला वाटलं पोलीस पण असतील मागे. कुणी नव्हतं.

‘चष्मेवाल्याला काढलं मी,’ म्हणाला. ‘पंधरा वर्षं गाड्या बघतोय तो, त्याला दिसलं नाही. एवढा सफाईदार हात मी बघितला नाही, बाळ. माझ्याकडे ये. गाड्या नीटनेटक्या करायच्या, खालून कोऱ्या दिसतील अशा, बस.’

आई म्हणाली, ‘सांग त्याला, येणार नाही म्हणून.’

मी तोंड उघडलं. आता उघडतं ते.

‘किती वाजता येऊ?’ मी विचारलं.